मोठ्यानं बोलणारा जावई

जावई घरात ओरडतो, ही गोष्ट नीलिमाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती.

तिला ती सांगितली इंदुताईंनी. इंदुताई म्हणजे चिखलीत सुखदाच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. मूळच्या गावातल्याच. ज्या इमारतीत आता सुखदा आणि प्रज्वल राहतात, तिथं पूर्वी इंदुताईंचं कांद्याचं वावर होतं. वास्तुशांतीच्या दिवशी नीलिमाची आणि त्यांची छान गट्टी जमली, एकमेकींचे नंबर घेतले गेले, आणि सणासुदीला फोन व्हायला लागले. हा फोन मात्र सणाचा नव्हता.

"नीलिमाताई, रागावू नका, पन सांगितल्याबिगर ऱ्हावना. तुमचं जावई लई वरडत्यात हो. रोज न्हाई, पन वरडत्यात. परवा तर तुमच्यावरनंच चाललं व्हतं. 'तुझ्या आईला काही सांगायचं नाही' म्हनं. आन मग दोघंबी गाडीवर बसून कुटंतरी जात्यात. येताना पोरीचं डोळं लाल."

"हात उचलतात का?" नीलिमानं विचारलं.

"त्ये न्हाई ऐकलं. खोटं कशाला बोलू?"

एवढंच. पण नीलिमाला तेवढं पुष्कळ झालं. तळेगावच्या घरी ती भाजी निवडायला बसली की ते वाक्य आठवायचं. कपडे वाळत घालताना आठवायचं. तिचं सगळ्यात मोठं दुःख हे की प्रज्वल त्यांच्या घरी आला की तोंडातून शब्द काढत नसे. "हो", "बरं", "चालेल", एवढ्यावर दिवाळसण पार पडला होता. चारचौघांत मुका आणि बायकोपुढं सिंह, असले पुरुष तिनं शाळेतल्या नोकरीत पालक म्हणून पुष्कळ पाहिले होते. समोर बसले की गरीब गाय. आणि त्यांच्या बायका बोलताना आधी नवऱ्याकडे बघायच्या.

नवऱ्याला, सुरेंद्रला, तिनं यातलं काही सांगितलं नाही. सुरेंद्र पिंपरीतल्या एका कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, सज्जन, मितभाषी माणूस. त्या घरात कधी कुणी आवाज चढवला नव्हता. नीलिमाला रात्रीबेरात्री धडधडून जाग यायची, छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, मग ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहायची. सकाळी सुरेंद्र विचारायचा, "पित्त का?" ती म्हणायची, "हो, पित्तच." तो येताना आवळा सुपारी आणायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि घरात आवळा सुपारीच्या डब्या साठल्या होत्या.

"सुखदाकडे जाऊन येते चार दिवस," एवढं तिनं सांगितलं. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, एक डबा बेसनाचे लाडू. कारण विचारायला कुणाला जागा राहू नये इतकं सामान घेऊन ती चिखलीला पोचली.

दार प्रज्वलनं उघडलं. पहिली पाळी करून आलेला, अंघोळ झालेली, कपाळावर ओले केस. "या आई," म्हणाला, पिशव्या घेतल्या आणि गप्प.

नीलिमानं मग नजर ठेवायला सुरुवात केली. मास्तरीण ती. तिला एकेक गोष्ट दिसायला लागली आणि एकही आवडेना. प्रज्वल जेवायला बसला तो भिंतीला डावा खांदा लावून. नीलिमा त्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसायला गेली तर त्यानं उठून जागा बदलली. तिनं मागून विचारलं, "कामावर कसं चाललंय?" तर ऐकून न ऐकल्यासारखं करून तो पाणी पीत राहिला. सुखदा त्याच्याशी बोलायच्या आधी त्याच्या दंडाला हात लावायची. दर वेळी. आपली मुलगी, जी लहानपणी गच्चीवरून खालच्या गल्लीतल्या मैत्रिणींना हाका मारायची, ती आता परवानगी घेतल्यासारखा दंडाला हात लावून बोलते!

आणि सगळ्यात लागली ती एक गोष्ट. दुसऱ्या दिवशी नीलिमा स्वयंपाकघरात शिरली, तेवढ्यात सुखदानं डोक्यावर टोपी असल्यासारखा सपाट तळवा ठेवला. प्रज्वल काहीतरी सांगत होता, तो जागीच थांबला. दोघांच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं वाटलं. नीलिमानं डबा जोरात ओट्यावर ठेवला.

प्रज्वल बाहेर गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं.

"सुखदा, मला सरळ सांग. तुमची भांडणं होतात?"

"होतात की."

"होतात की म्हणजे?"

"म्हणजे होतात. तुझी नि बाबांची होत नाहीत?"

"आमची? आमची कधीच नाही झाली."

"हो ना," सुखदा कणीक मळत म्हणाली. "कधीच नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, नीलिमाला कळलं नाही. "तो ओरडतो तुझ्यावर. इंदुताईंनी ऐकलंय. माझ्या नावानं ओरडतो. मला काय सांगायचं नाहीये तुम्हाला?"

सुखदाचा हात थांबला. तिचे डोळे भरून आले, पण आवाज शांत होता. "आई, आहे एक गोष्ट. वाईट नाही. पण ती त्याची आहे. त्यानं सांगायची. मी सांगितली तर माझ्या कामाला काळिमा आणि आमच्या लग्नालाही. तू त्यालाच विचार ना."

"तो बोलतोय कुठं माझ्याशी?"

"समोर बसून विचार. आणि आई, पुटपुटू नकोस."

कामाचं तिनं काढलं ते उगाच नव्हतं. सुखदा कानांच्या तपासणीचं काम करते. कारखान्यांत कामगारांची वर्षाची तपासणी असते, तिथं तिच्या संस्थेची व्हॅन जाते. व्हॅनमध्ये एक बंद खोली असते, कामगार तिथं कानाला हेडफोन लावून बसतो, आवाज आला की बोट वर करतो. प्रज्वल तिला तसल्याच एका कॅम्पमध्ये भेटला, एवढं नीलिमाला माहीत होतं. त्यापुढचं तिनं कधी विचारलं नव्हतं. लव्ह मॅरेज म्हटल्यावर तळेगावात जे सांगायचं ते "कंपनीत ओळख झाली" एवढ्यावर भागलं होतं.

संध्याकाळी प्रज्वल गाडीची किल्ली घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. अगदी समोर, तोंडाकडे बघत.

"आई, चहाला येता का? सुखदा म्हणाली तुम्हाला घेऊन जा."

"ती नाही येत?"

"गाडीवर तिघं कसे बसणार?"

तो ठीकच बोलला होता, पण नीलिमाच्या छातीत धडधडायला लागलं. तरी ती गेली. पोरीसाठी आई कुठंही जाते, जावयाच्या मागच्या सीटवरसुद्धा.

चिखलीची वर्कशॉपं मागं पडली. तळवड्याच्या पुढं जिथं कंटेनर लागतात, तिथं रस्त्याच्या कडेला सोनबाची टपरी होती. पलीकडं ट्रकांची रांग, अलीकडं सुटलेल्या पाळीच्या बसगाड्या, मध्ये दुचाक्यांचा महापूर, आणि जो तो हॉर्न वाजवतोय. भोंग्यासारखे हॉर्न. नीलिमाला वाटलं, या पोराला जगात दुसरी जागा मिळाली नाही?

प्रज्वलनं लांबूनच दोन बोटं दाखवली, मग अंगठा आडवा केला. सोनबानं मान हलवली आणि दोन कटिंग, एक बिनसाखरेचा, समोर आणून ठेवले.

"तुम्हाला बिनसाखरेचा लागतो ना?" प्रज्वल म्हणाला. म्हणाला कसला, ओरडलाच. नीलिमा दचकली. पण आजूबाजूला कुणी वळून पाहिलं नाही. इथं सगळेच ओरडत होते. शेजारच्या बाकावर दोघं जण एकमेकांना ओव्हरटाइमचं काहीतरी सांगत होते, तेही भांडल्यासारखेच.

"आई, इकडं बसा. उजव्या बाजूला."

ती बसली. त्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि एकदम सांगून टाकलं, जसं कुणी पाटावरून उठण्याआधी शेवटचा घास संपवतं.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अजिबात. उजव्याचंही थोडं गेलंय. मी कधी तुम्हाला उत्तर नाही दिलं तर ते त्याच्यामुळं. माज नाही त्यात."

खुर्ची बदलणं, भिंतीला टेकणं, पाणी पीत राहणं, सगळं नीलिमाच्या डोळ्यांसमोर एकदम उलटं होऊन पुन्हा सुलटं झालं.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. तिच्या जावयाच्या आयुष्याची ही गोष्ट ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तीही हॉर्नच्या गोंगाटात. तो हिंगोलीकडचा. बाप लवकर गेला, आई कस्तुराबाई थोरल्या भावाजवळ गावाकडं. आयटीआय करून चाकणला आला, महाळुंग्यात कॉट बेसिसवर राहिला. एका खोलीत कॉट निम्म्या आणि पोरं दुप्पट, कारण एक ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच्या जागी झोपायचा. "अंथरूण कधी गार म्हणून पडायचंच नाही आई. थंडीत लय बरं वाटायचं." मग प्रेस शॉपमध्ये लागला. पत्रा दाबून गाड्यांची दारं बनवणारी मशीनं. तिथं तोंडानं कुणी बोलतच नाही, हातानं बोलतात. कानात घालायला बोळे द्यायचे कंपनीवाले, रोज, न चुकता.

"मग घातले का नाहीत?"

"घातले की मशीनचा आवाज कळंना. आवाज बदलला की आम्हाला कळायचं काहीतरी बिघडलंय. बोळे घालणारा म्हणजे नवखा, असं पोरं हसायची. म्हणून खिशात ठेवायचो. साहेब आला की घालायचो."

"साहेब आला हे कसं कळायचं?"

प्रज्वलनं डोक्यावर सपाट तळवा ठेवला. आणि लगेच त्याच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला.

"म्हणजे मघाशी स्वयंपाकघरात साहेब मी होय?"

"सुखदा करते ते," तो घाईघाईनं म्हणाला. "मी नाही."

नीलिमाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी असं पोटातून आलं होतं. सोनबासुद्धा बघून हसला.

मग व्हॅनची गोष्ट आली. तपासणीत नापास झालं तर प्रेस शॉपमधून काढून दुसरीकडं टाकतात, हे प्रज्वलला ठाऊक होतं. तिथं त्याचे मित्र, तिथं त्याचा मान. म्हणून त्यानं युक्ती केली. काचेतून तपासणी करणारीचं कोपर दिसत होतं. ती बटण दाबायची तेव्हा कोपर हलायचं. कोपर हललं की हा बोट वर करायचा.

"लय हुशार समजत होतो स्वतःला. आणि ती बघा, ती नुसती केस नीट करायला लागली. मी बोट वर. मग तिनं नाक खाजवलं. मी परत बोट वर. मग ती दार उघडून आत आली आणि म्हणाली, 'दादा, मी मघापासून मशीन बंद करून बसलेय.'"

"दादा म्हणाली?"

"पहिल्यांदा दादाच म्हणाली."

त्यानं तिला हात जोडले होते, मॅडम, एवढं लिहू नका. तिनं लिहिलं. जे होतं तेच लिहिलं. आणि बाहेर जाताना त्याला सांगितलं, मी हे खोटं लिहिलं तर तुमचा दुसरा कानही जाईल आणि तो मी घालवलेला असेल. त्याची बदली पॅकिंगला झाली. काही महिने त्यानं त्या मुलीला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. मग एक दिवस पॅकिंगमध्ये मागून फोर्कलिफ्ट आली, हॉर्न वाजत होता, त्याला ऐकू आला नाही, कुणीतरी कॉलर धरून ओढलं. बोळे खिशात ठेवले ते आपणच, ह्याला नुसतं वाईट नशीब म्हणता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढच्या कॅम्पला तो व्हॅनपाशी गेला, मुलीला म्हणाला, तुम्ही बरोबर केलंत. आणि चहाला इथं घेऊन आला.

"इथंच का?"

"इथं सगळेच बहिरे असतात आई. कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. मी मोठ्यानं बोललो तर कळत नाही कुणाला. घरात माझा आवाज किती मोठा होतो ते मला समजत नाही. तिनं हात लावला की कळतं, कमी करायचा. शेजारच्या इंदुताई खाली दिसल्या की तोंड फिरवतात. त्यांना वाटतं मी बायकोला रागावतो."

"पण परवा तर भांडणच होतं. माझ्यावरून."

प्रज्वलनं मान खाली घातली, मग पुन्हा वर केली, कारण खाली घातली की त्याला समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. "होतं. ती म्हणते आईला सांग, लपवून जावई कसला राहतोस. मी म्हणायचो, नको. एकुलती एक मुलगी दिली आणि जावई बहिरा निघाला, असं तुम्हाला वाटेल. आधीच मी कुठला, तुम्ही कुठले. ती रडायची. म्हणायची, तू मला पहिल्याच चहाला सगळं सांगितलंस, उजव्या कानाचंही, उद्या मूल रडलं तर आपल्याला ऐकू येणार नाही याची भीती वाटते हेसुद्धा. म्हणून तर मी हो म्हणाले. मग आईशी का नाही?"

नीलिमाच्या मनात जे पहिलं आलं होतं ते चांगलं नव्हतं. हे नातवंडांना होईल का, असं ते होतं. आई कितीही शिकलेली असो, मनात पहिलं असंच येतं. पण तिनं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मुलांना होत नसतं हे. आवाजानं झालंय ना. मी सुखदाला पहिलं तेच विचारलं होतं."

आणि नीलिमाला त्या क्षणी त्याच्याबद्दल असं काही दाटून आलं की तिनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. तिला वाटलं, आपण पोरीला विचारत बसलो, मुलगा काय करतो, घर कुणाच्या नावावर आहे. हे विचारायचं राहून गेलं की तो तुला काय काय सांगतो. बरं झालं, पोरीनं स्वतःच विचारून घेतलं.

प्रज्वलनं खिशातून एक छोटी डबी काढली. आत कानात घालायचं यंत्र होतं. सुखदानंच आणलेलं, अजून न घातलेलं.

"इथं नाही घालत," तो म्हणाला. "हॉर्ननं जीव जाईल. पण घरी घालतो आजपासून. तुमच्यापासून लपवायचं होतं, ते तर संपलं." मग सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "आणि तुमचं पित्त कसंय आता? सुखदाला काळजी वाटते. लहानपणी म्हणे ती अंथरुणात पडून ऐकत बसायची, आई परत कधी येते."

नीलिमानं कप खाली ठेवला. ऐकत बसायची? पोरीला कळत होतं?

"पित्त नाही ते," ती हळूच म्हणाली.

"काय?" प्रज्वलनं उजवा कान पुढं केला.

"पित्त नाही म्हटलं."

तेवढ्यात एका कंटेनरनं हॉर्न दिला. प्रज्वल तसाच वाट बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ना उत्सुकता होती ना दया. त्याला खरोखर फक्त ऐकू आलं नव्हतं. नीलिमाला कळलं, या माणसापुढं वाक्य गिळून टाकता येत नाही. अर्धं बोलून उरलेलं समजून घे म्हणता येत नाही. सांगायचं तर पूर्ण सांगावं लागतं, तोंडाकडे बघून, मोठ्यानं.

"पित्त नाही ते!" ती ओरडली. "भीती वाटते मला! कशाचीही वाटते! छाती धडधडते! किती वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही मी!"

ओव्हरटाइमवाल्या दोघांनी एकदा बघितलं आणि ते पुन्हा आपल्या हिशोबाला लागले. सोनबानं स्टोव्हला पंप मारला. जग होतं तिथंच होतं.

प्रज्वलनं मान डोलवली. "बाबांना माहीत आहे?"

"त्यांना पित्त माहीत आहे."

"म्हणजे सुखदा सांगते ती आवळा सुपारी त्यासाठी होय?"

"तेच तर!" नीलिमा म्हणाली आणि तिला रडू आलं की हसू, तिचं तिला सांगता आलं नाही. "तो माणूस इतकी वर्षं पेठेत चालत जाऊन आवळा सुपारी आणतोय, आणि मी त्याला..."

पुढचं तिनं पुरं केलं नाही. पुरं करायचं ते इथं नव्हे, हे तिच्या ध्यानात आलं.

प्रज्वल आणखी एक चहा सांगायला उठला. जाताना वाकून म्हणाला, "इंदुताईंना उद्या लाडू देऊन या आई. चांगल्या आहेत त्या. तुम्हाला फोन केला म्हणजे पोरीची काळजीच ना."

"आणि मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, जावयाला ऐकू येत नाही म्हणून तो मोठ्यानं बोलतो. आता सांगायचंच आहे तर सगळ्यांना."

नीलिमानं पर्समधून फोन काढला. तळेगावला आता सुरेंद्र व्हरांड्यात आरामखुर्चीत बसला असेल. फोन उचलेल आणि विचारेल, जेवलीस का, आणि ती हो म्हणेल, आणि झालं, असं आजवर होत आलं होतं. इथून बोललं तर त्याला ट्रक ऐकू येतील. तो म्हणेल, कुठं आहेस, नंतर बोलू, आवाज येत नाही. तर ती म्हणेल, येत नसेल तर मी मोठ्यानं बोलते, तुम्ही ठेवू नका. एवढं वाक्य तिनं आधीच ठरवून टाकलं.

स्टोव्हपाशी उभ्या प्रज्वलला तिनं फोन दाखवला. त्यानं लांबूनच डोक्यावर सपाट तळवा ठेवला आणि भुवया उंचावल्या, साहेबांना?

नीलिमानं हसून मान हलवली, एका कानावर पदर दाबला आणि सुरेंद्रचा नंबर दाबला.